युरोप पाहून आलेले सर

बशीत सांडलेल्या चहात सर बोट बुडवायचे आणि टेबलावर एक लांब रेघ ओढायचे. रेघ ओढून झाली की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. "दिसली? ही सीमा." मग तळहात फिरवून ती पुसून टाकायचे. "आता दिसते? तिकडं युरोपात हेच केलंय. बस्स, एवढंच केलंय."

समोर बसलेला माणूस मान डोलवायचा. तो ग्रामसेवक असो, खताचा दुकानदार असो, की नुसता पत्ता विचारायला आत आलेला असो. सर पुढचं वाक्य बोलायच्या आत ऑफिस झाडणारी शांतामावशी ओलं फडकं घेऊन यायची, कारण गोड रेघेवर माश्या लगेच जमायच्या. "पुसलं म्हणत्यात हे," बाहेर येऊन ती मला सांगायची, "अन् पुसते मी."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माणूस एकदा काशीला जाऊन येतो आणि जन्मभर आल्यागेल्याच्या तळहातावर गंगेचा थेंब ठेवत राहतो. आमचे सर एकदा युरोपला जाऊन आले होते.

मला ते आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. सांगायला जड जातं. पहिली नोकरी मला त्यांनीच दिली, आणि ज्याने भाकरी दिली त्याच्याविषयी वाईट बोलू नये असं आमच्या घरचं वळण आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भूगोल घेऊन बी.ए. झाले. मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला, "तुझं गाव नकाशात दाखव." मी बीड जिल्ह्याच्या अगदी कडेला, जिथं आष्टी तालुका संपतो आणि नगरची हद्द लागते तिथं बोट ठेवलं. सर खुर्चीतून उठले. "वा! अशीच काठावरची मुलगी पाहिजे होती मला." मार्कशीट त्यांनी उघडूनही पाहिली नाही. मी ती कापडाखाली धरून, तीनदा इस्त्री फिरवून सपाट करून नेली होती. पण नोकरी मिळाली. वडील मुद्दाम आष्टीला येऊन सरांच्या पाया पडले, आणि सरांनी त्यांना उठवलं नाही.

ऑफिस म्हणजे आष्टीच्या बसस्थानकाच्या मागे दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा होता. गिरणीचं पीठ उडून त्याच्यावर बारमाही थर बसायचा. "तुमच्या युरोपात आज लई बर्फ पडला, सर," असं म्हणून शांतामावशी तो झटकायची. सरांच्या गाडीच्या आरशाला युरोपातल्या परिषदेच्या ओळखपत्राची निळी पट्टी लटकत असे. गाडी खड्ड्यातून गेली की ते ओळखपत्र काचेवर टकटक वाजायचं.

सर तिकडे आठ-दहा दिवस राहिले होते. देशांच्या सीमेवर राहणाऱ्या लोकांनी पलीकडच्यांशी हातमिळवणी करून आपापल्या भागाचा विकास करायचा, अशा मंडळींचं तिकडे मोठं जाळं आहे. त्यांची परिषद होती. जायचं दुसऱ्या कुणाला होतं, त्याचं जमलं नाही, म्हणून हे गेले. येताना पुस्तिकांची एक पिशवी भरून आणली. ती पिशवी त्यांनी सोडली नव्हती. मी सोडली. शब्दकोश घेऊन संध्याकाळी मी त्या पुस्तिका वाचायची. खोटं कशाला बोलू, मी भारावून गेले होते. एका देशात आग लागली तर जवळची म्हणून दुसऱ्या देशातली गाडी विझवायला जाते. डोंगरातल्या एका दवाखान्यात दोन देशांची बाळं जन्माला येतात. माणसं झोपायला एका देशात आणि कामाला दुसऱ्या देशात. फ्रान्समधून निघालेली ट्राम नदीवरच्या पुलावरून सरळ जर्मनीत जाते, आणि ज्यांचे आजे एकमेकांवर बंदुका रोखून होते ती माणसं तिच्यात शेजारी बसून पेपर वाचतात. हे सगळं माणसांनी केलं होतं, भांडून, बैठका घेऊन, पुन्हा भांडून. पुस्तिकांत ती भांडणंसुद्धा लिहिली होती.

सरांच्या बोलण्यात भांडण कधी नसायचं. त्यांच्या युरोपात सगळं तळहात फिरवून झालेलं होतं.

आल्यावर त्यांनी 'सीमावर्ती विकास जाळं' काढलं. कल्पना वाईट नव्हती, उलट आमच्या भागाला ती फार हवी होती. आमच्या गावाचा जिल्हा बीड, पण बाजार नगरकडे, दवाखाना नगरकडे, निम्मे पाहुणे नगरकडे. जाळ्याचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात सर रोज सकाळी युरोपातल्या एका पुलाचा फोटो टाकत आणि सभासद मंडळी त्याच्याखाली हात जोडत.

पहिल्या संमेलनात सरांनी पडद्यावर ट्राम दाखवली. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. "सायेब, ही गाडी चालू कशी झाली? म्हंजी, पयल्यांदा कोण कुणाकडं गेलतं?"

सर हसले. "काका, ट्राम ही एक मानसिकता आहे."

"ते झालं वो. पर पूल बांधायचा म्हंजी इकडल्यानं निम्मा अन् तिकडल्यानं निम्मा, का कसं?"

"आपल्या लोकांचं हेच," सर माईकवरून आम्हा कर्मचाऱ्यांना म्हणाले, आणि ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "मोठं काही दाखवा, हे विटा मोजणार."

म्हातारा बसला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर सरांना माहीत नव्हतं. ते ट्राममध्ये बसले होते, ट्रामबरोबर फोटो काढला होता, पण ती कशी झाली हे त्यांनी तिकडे एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

आता माझ्या गावाच्या रस्त्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या रस्त्यावर झालं.

आष्टीहून येणारी लाल बस आमच्या गावातल्या मारुतीपाशी वळते. नगरकडून येणारी बस पलीकडच्या गावाच्या चौकात वळते. मध्ये दोन-अडीच मैलांचा तुकडा, त्याच्या मधोमध ओढा, आणि तो ओढा म्हणजेच जिल्ह्याची हद्द. ओढ्यावरचा फरशीचा पूल कधीच वाहून गेलेला. रस्ता कुणी करायचा हा प्रश्न आला की इकडच्यांना तो तिकडचा वाटे आणि तिकडच्यांना इकडचा. बारावीपर्यंतचं कॉलेज पलीकडच्या गावात आहे. मी त्याच तुकड्यावरून चपला हातात घेऊन शिकले. माझ्यानंतर आमच्या घरातून माझी चुलतबहीण मनीषा जायला लागली. ती अकरावीत होती आणि माझ्यापेक्षा हुशार होती.

अकरावीच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि मनीषा कितीतरी दिवस घरी बसली. एकदा कमरेएवढ्या पाण्यातून आली, तेव्हा माझ्या चुलत्याने, नानांनी, ठरवून टाकलं. नाना वाईट माणूस नाही. मला म्हणाले, "माय, तू शिकलीस, आमाला अभिमान हाय. पर हिला वढ्यात घालवायला मी काही पुस्तकं घेऊन दिली न्हाईत. म्होरल्या पावसाच्या आत रस्ता झाला तर बारावी. न्हाईतर एक स्थळ आलंय, त्याला होकार देतो."

मनीषा दाराआड उभी होती.

रस्त्यासाठी दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून ठराव करायचा होता. एकट्या गावाच्या अर्जाला कुणी विचारत नव्हतं, म्हणजे दोन गावांनी एकदा समोरासमोर बसायला हवं होतं. हे काम आमच्या जाळ्याचं नव्हे तर कुणाचं? मी सरांना सांगितलं. सरांना तो ओढा एकदम पसंत पडला. पोरींसाठी नव्हे. तिकडच्या जाळ्यातले दोन पाहुणे भारतात येणार होते, आणि त्यांना दाखवायला सरांजवळ एकही सीमा नव्हती.

कार्यक्रम ठरला. होळी होऊन गेली होती. दोन्ही गावांनी ओढ्यावर यायचं, सरपंचांनी पाहुण्यांसमोर ठरावावर सह्या करायच्या. पलीकडचे सरपंच फोनवर म्हणाले, "आमी येतो की. आमच्या बी पोरांना तुमच्या गावावरून आष्टीला जायला रस्ता पायजेच हाय."

ते गाव आणि आमचं गाव यांचं नातं इथं सांगते. आमच्या गावच्या पुष्कळ लेकी तिकडे दिलेल्या आहेत. पलीकडच्या सरपंचांची सूनही आमच्याच गावची. त्यामुळे ते आमच्या सगळ्या गावाचे व्याही, आमच्याकडे म्हणतात तसे इवाई. असा माणूस दहा माणसं घेऊन शिवेवर आला, तर लेकीकडच्यांनी पुढं होऊन पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, टोपी-टॉवेल-नारळ द्यायचा, गळाभेट घ्यायची आणि हाताला धरून शिवेच्या आत आणायचं. मग कामाचं बोलायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. नानांनी टॉवेल आणून ठेवले होते.

सरांनी ते पाहिले. "हे टॉवेल-बिवेल नको. पाहुण्यांना मागासलेपणा दाखवायचा नाहीये आपल्याला." आणि त्यांनी त्यांची कल्पना सांगितली. ओढ्याच्या काठावर, हद्दीवर, दोन बाभळींना लाल फीत बांधायची. युरोपच्या पाहुण्यांनी ती कापायची. फीत कापली की दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटणार. "सीमा पुसली जाते तो क्षण दिसला पाहिजे," ते म्हणाले.

त्या ओढ्यावर आजवर कुणी काही बांधलं नव्हतं. गुरं जात, वऱ्हाडं जात, मयताला माणसं जात. तिथं पहिला अडसर आमच्या सीमा पुसणाऱ्या संस्थेनं घातला.

पलीकडची माणसं वेळेवर आली. सरपंच पुढं, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. मागे पाचसात म्हातारे, आणि त्यांच्याबरोबर आमच्या गावच्या दोन लेकी, माहेर भेटेल म्हणून नटून आलेल्या. ऊन चढलेलं. इकडून नाना पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले, तर संस्थेची टोपी घातलेल्या आमच्याच कार्यकर्त्यानं हात आडवा केला. "नाना, सरांनी सांगितलंय. फीत कापल्याशिवाय इकडून तिकडं न्हाई अन् तिकडून इकडं न्हाई."

नानांनी तो तांब्या कार्यकर्त्याच्या डोक्यात घातला असता. पण रस्ता सरांच्या हातात आहे असं गावाला वाटत होतं. सायबाचं ऐकावं, पोरींचं काम होईल, म्हणून सगळे गप्प राहिले.

मी सरांना फोन लावला. ते पाहुण्यांना घेऊन वाटेतल्या धाब्यावर थांबले होते, चुलीवरचा चहा दाखवायला.

"सर, पलीकडचे येऊन उभे आहेत. त्यांना आत घेते."

"अगं, थांबू दे की थोडं. आधीच ओलांडलं तर कापायचं काय? तिकडं युरोपात शिस्त म्हणजे शिस्त."

"सर, ते सोयरे आहेत. त्यांना शिवेवर उभं ठेवता येत नाही."

"ते भागीदार आहेत," सर म्हणाले. "शब्द नीट वापर."

थोडं थोडं म्हणता पुष्कळ वेळ गेला. एक शेळी फितीखालून आरामात अलीकडे आली. पलीकडून एक लेक ओरडली, "आगं बाई, माहेराला बी आता पास लागतो का?" दोन्हीकडं हशा झाला, पण तो लगेच विरला. सरपंच हसले नव्हते.

मी तांब्या घेतला, फितीखालून वाकून पलीकडं गेले. सरपंचांनी तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. आवाज मऊ होता. "तुझं पाणी कवाबी घेऊ, माय. पर तू आज नोकरीवर हाईस." आणि माझ्या डोक्यावरून नानांना हाक दिली, "इवाई, आमी यावं का जावं?"

"वाईच थांबा," नाना म्हणाले. "पावणे यायलेत."

"पावणे यायलेत," सरपंच म्हणाले. "मग आमी कोण हाव?"

सरपंचांनी पाठ फिरवली, त्यांच्यामागे म्हातारे फिरले. दोघी लेकी जरा रेंगाळल्या, मग त्याही गेल्या. एक शेवटपर्यंत मागं बघत होती.

मग सरांची गाडी आली. गाडीतून एक उंच, पिकल्या केसांच्या बाई उतरल्या आणि एक म्हातारे गृहस्थ. सरांनी पलीकडचा मोकळा काठ पाहिला. त्यांचा चेहरा उतरला असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. एका क्षणात त्यांनी वाट काढली. आमच्या गावकऱ्यांकडे वळून म्हणाले, "तुम्ही अर्धे जण जरा पलीकडे जा. हां, तिकडे उभे राहा. तुम्ही आता नगरचे."

"चला बे," एक पोरगा म्हणाला, "फुकटात नगर जिल्हा मिळायलाय." आणि अर्धं गाव खिदळत फितीखालून पलीकडे गेलं.

सरांनी नानांनाही खूण केली. नाना हलले नाहीत. "मला कावून धाडता तिकडं? माझे सोयरे उन्हात उभे राहून माघारी गेले. त्यांच्या जागंवर मी उभा राहू? तुमच्या फोटूत?"

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"न्हाई," नाना म्हणाले आणि तांब्यातलं पाणी बाभळीच्या बुडाला ओतून घरी निघून गेले.

फीत कापली गेली. आमचं गाव आमच्याच गावाला कडकडून भेटलं. टाळ्या झाल्या.

त्या बाई मात्र टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या होत्या. त्यांनी सरांना विचारलं, पलीकडची माणसं कोणती? सर म्हणाले, ही काय. बाईंनी आमच्या लोकांकडे पाहिलं. मिठी मारताना त्यांना येणारं हसू ओळखीच्या माणसाची चेष्टा करतानाचं होतं, आणि ते कुठल्याही देशात कळत असावं. गाडीपाशी त्या माझ्याजवळ आल्या. माझं इंग्रजी तोडकं, पण मी सगळं सांगितलं, फितीचं, तांब्याचं, लेकींचं. ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पूल होण्याआधी कित्येक वर्षं माझं काम एकच होतं. दोन्हीकडच्यांना जेवायला बोलवायचं, आणि कोण कुणावर रुसलंय ते लक्षात ठेवायचं."

मला रडू आलं. सर लांबून म्हणाले, "बघा, किती भावनिक झालीय आमची कार्यकर्ती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहवाल लिहिणं चाललं होतं. 'दोन जिल्ह्यांतील नागरिकांच्या उत्स्फूर्त उपस्थितीत.' मी म्हणाले, "सर, ठराव झालेला नाही. पावसाळ्याच्या आत झाला नाही तर माझी बहीण घरी बसेल."

"अगं, प्रक्रिया असते. तिकडं युरोपात एका ट्रामला किती वर्षं लागली."

"सर, तिची बारावी एकाच वर्षाची आहे."

त्यांनी मान वर केली. एवढ्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर उलट बोलले होते. आता ओरडतील असं वाटलं, पण ते नकाशाकडे बघत बसले. मग अगदी वेगळ्या, साध्या आवाजात म्हणाले, "परिषदेत दुसऱ्या दिवसानंतर मी गेलोच नाही. इंग्रजी फार भरभर बोलतात ते. मी ट्राममध्ये बसायचो. इकडून तिकडं, तिकडून इकडं. दिवसभर. माझ्या शेजारी कोण कोण येऊन बसलं. एकानंसुद्धा विचारलं नाही, तुम्ही कुठले, कुणाचे, आडनाव काय." त्यांनी चहाचा कप पुढं ओढला. "आपल्याकडे पाण्याचा ग्लास द्यायच्या आधी विचारतात."

खाली गिरणी घरघरत होती. सरांनी बोट कपातल्या चहात बुडवलं होतं, पण रेघ ओढली नाही. ते बोट तसंच चोखलं, लहान मुलासारखं.

त्या दिवशी मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. कुणी आडनाव न विचारता शेजारी बसू देण्याची गोष्ट माणसाला सापडावी, जिच्यासाठी इकडची माणसं पिढ्यान् पिढ्या झुरली, आणि तिचं त्यानं काय करावं? लाल फीत. थोड्या वेळानं सर पूर्ववत झाले आणि मला म्हणाले, "अहवालात 'ऐतिहासिक' हा शब्द एकदा तरी टाक."

पुढचं काम जाळ्यानं केलं नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी नाना एकटेच टोपी-टॉवेल-नारळ घेऊन पलीकडच्या गावाच्या शिवेवर जाऊन उभे राहिले. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. पारावर बसलेल्यांना ते दिसत होते, पण कुणी उठलं नाही. नाना उन्हात उभे. बऱ्याच वेळानं सरपंचांची सून, आमच्याच गावची लेक, तांब्या घेऊन आली, आणि तिच्यामागं सरपंच हसत आले. "झाली का फिटाफीट, इवाई? आमी जितकं उभं होतो तितकं तुमाला उभं ठेवलं."

"वाईच जास्त ठेवलं," नाना म्हणाले.

"ते याज समजा."

मग गळाभेट झाली. नानांना घरी नेऊन, सोयऱ्यांसाठी करतात ती येसराची आमटी आणि भाकरी वाढली. दोन्ही गावांचा ठराव पंधरवड्यात झाला. त्याचं पुढं वरच्या कचेऱ्यांत काय चाललंय ते अजून कळत नाही, डांबर काही आलेलं नाही. पण दोन्ही गावांच्या ट्रॅक्टरांनी पावसाच्या आत मुरूम टाकला, ओढ्यात सिमेंटचे मोठे नळ बसवून वर दगड भरले, आणि दोन्हीकडचे म्हातारे आपापल्या एसटी आगारात जाऊन ठाण मांडून बसले. जूनपासून इकडची बस ओढ्याच्या अलीकडच्या काठाला येऊन वळते आणि तिकडची पलीकडच्या काठाला. मधला ओढा पोरी पायी ओलांडतात. आलेल्या स्थळाला नानांनी सध्या जमत नाही म्हणून कळवलं.

सर हे पाहायला नव्हते. पाऊस सुरू होण्याच्या सुमाराला ते पुण्याला गेले. कुठल्या तरी मोठ्या संस्थेत सीमावर्ती विकासाचे सल्लागार झाले. आष्टीतल्या खोल्या गिरणीवाल्यानं पोती ठेवायला घेतल्या. जाताना सरांनी मला शिफारसपत्र दिलं. त्यात माझं गाव नगर जिल्ह्यात घातलं होतं. तरी त्या पत्राच्या जोरावर मला तालुक्याच्या ग्रंथालयात काम मिळालं, आणि वडील अजूनही म्हणतात, तो देवमाणूस होता. मी वाद घालत नाही.

श्रावणात त्यांचा फोन आला. आवाज तसाच भरदार. "ऐकलं मी! आपल्या प्रयत्नांना यश आलं म्हणे. दोन बस समोरासमोर उभ्या राहतात, हो ना? त्याचा एक फोटो पाठव. मला सादरीकरणात टाकायचाय. पोरी मधोमध हव्यात."

मी हो म्हणाले. सवय जात नाही. रविवारी गावी गेले होते, तर सोमवारी सकाळी मनीषाबरोबर ओढ्यावर गेले. इकडच्या बसमधून पोरींचा घोळका उतरला. पलीकडे नगरची बस इंजिन चालू ठेवून उभी होती, दारात कंडक्टर. दगडांवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. मी मोबाइल काढला आणि म्हणाले, "मनीषा, जरा मध्ये थांब गं."

"कशाला? ताई, तास बुडंल माझा," ती म्हणाली आणि थांबली नाही. कुणीच थांबलं नाही. सलवारी वर खोचून सगळ्या पाणी तुडवत पलीकडं गेल्या.

मी काठावर एकटीच राहिले. कंडक्टरनं मला पाहिलं. त्याला वाटलं, मागं राहिलेली पाशिंजर आहे. "ओ ताई," तो हात हलवून ओरडला, "या ना सावकाश. तुमच्या गावाच्या माणसांना थांबतो आमी."

मी मोबाइल पिशवीत टाकला, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरले. बसमध्ये मनीषानं खिडकीची जागा धरून ठेवली होती. पिशवीत फोन वाजायला लागला. सरांचाच असणार. तो वाजू दिला आणि पलीकडच्या गावाचं तिकीट मागितलं.